शिगम्याला सत्तरीत: डोंगरातल्या गावांचे दिवस आणि रात्री

गोवा म्हटलं की गाडी आपोआप किनाऱ्याकडे वळते. आम्ही गोव्यातच राहणारे, पण घरी पाहुणे आले की आम्हीसुद्धा कळंगुट, बागा, मग एक दिवस मंगेशी-शांतादुर्गा एवढंच दाखवतो, आणि पूर्वेला सह्याद्रीला टेकून अख्खा सत्तरी तालुका आहे तो राहूनच जातो. यंदा होळीच्या आधी मावशीचा फोन आला, तिचं सासर वाळपईपासून बरंच आत, म्हणाली शिगम्याला, म्हणजे गोव्यातल्या शिमग्याला, या, घर मोठं आहे, राहायची सोय आहे, आणि शिगमो बघायचा तर पणजीतले चित्ररथ बघून काय समजणार. मग मी, धाकटा भाऊ आणि वहिनी असे निघालो. मावशीच्या गावाचं नाव इथे मुद्दाम देत नाहीये. तिथला मांड, म्हणजे शिगम्याचे विधी होतात ते अंगण, गावचा आहे, आम्ही घरच्या माणसांबरोबर गेलो म्हणून मागे बसू दिलं, उद्या तिथे पंचवीस गाड्या जाऊन उभ्या राहिल्या तर मला आवडणार नाही. बाकी ज्या जागा सगळ्यांना खुल्या आहेत त्यांची नावं दिलीयेत.

आधी तारखांचं सांगते कारण लोक इथेच घोळ घालतात. गोव्यात शिगमो एकाच दिवशी नसतो. बारदेस, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेलेल्या भागात, धाकटो शिगमो पुनवेपर्यंत उरकतो. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा हे भाग त्यांच्या हाती आले अठराव्या शतकात, इकडे व्हडलो शिगमो पुनवेला सुरू होतो आणि पुढे चार-पाच दिवस चालतो. मधल्या दोनेकशे वर्षांच्या फरकामुळेच इकडच्या देवळांना आणि मांडांना तसा धक्का लागला नाही असं मला वाटतं. आणि चित्ररथांच्या मिरवणुका शहरांमध्ये वेगवेगळ्या दिवशी पुढे चालूच राहतात, त्यांचं वेळापत्रक पेपरात येतं. गावातल्याचं वेळापत्रक पेपरात येत नाही, ते माणसांकडूनच कळतं.

चतुर्दशी: म्हापसा ते वाळपई

म्हापशाहून अस्नोडा, डिचोली, सांखळी, होंडा करत वाळपई. रस्ता चांगला आहे, त्याबद्दल जास्त काही नाही. सांखळीला थांबून नाश्ता केला, पातळ भाजी, उंडे आणि गरम मिरची भजी, सोबत बन्स. वहिनी रत्नागिरीची, तिला बन्स म्हणजे बेकरीतले गोड पाव वाटले होते, तर इथे केळं घालून तळलेल्या पुऱ्या आल्या, तिने आणखी एक प्लेट मागवली. सांखळीजवळच हरवळ्याची लेणी आहेत, जांभ्या दगडात कोरलेली, आणि शेजारी धबधबा आणि रुद्रेश्वराचं देऊळ. मार्चमध्ये धबधब्याला पाणी कमी असतं, पण लेण्यांसाठी थांबावं, अर्धा तास पुरतो.

होंडा सोडलं की हवा बदलते. उन्हाचा चटका तसाच पण घाम पुसायची घाई राहत नाही, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काजूचा वास यायला लागतो. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको, पिकून पडलेल्या बोंडांचा गोडसर आंबूस वास, गाडीची काच वर केली तरी आत येतो.

मावशीच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आजी, ओट्यावरच बसल्या होत्या. "आयलीं मगो पोरां! जेवन जालें?" एवढं विचारून उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या सुद्धा. उकड्या तांदळाचा भात, बिब्ब्यांचं तोंडाक, म्हणजे ओल्या काजूगरांची वाटलेल्या खोबऱ्यातली भाजी, कैरीचं लोणचं आणि सोलकढी. ओला काजूगर सोलताना चिकामुळे हाताची सालं जातात, आजींच्या बोटांवर ते काळे डाग स्पष्ट दिसत होते. बाजारात बिब्बे महाग का असतात असं विचारणाऱ्यांनी एकदा कुणाला तरी ते सोलताना बघावं.

संध्याकाळी मावशीचे दीर, ज्यांना आम्ही काका म्हणतो, आम्हाला काजूच्या बागायतीत घेऊन गेले. तिथे बोंडं तुडवायची कोळमी आहे, भट्टीवर मातीचं जुनं भाण, म्हणजे रस उकळायचं मडकं, आहे. बोंडं तुडवून रस काढला की उरलेल्या चोथ्याचा ढीग करून त्याला वेलींनी गच्च गुंडाळतात आणि वर दगड ठेवतात, त्यातून रात्रभर जो थेंब थेंब रस गळतो तो नीरो. तुडवलेला रस आंबवून पहिल्या धारेची उर्राक होते आणि पुन्हा गाळली की फेणी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण काकांच्या भट्टीला त्याने काय फरक पडला असं विचारलं तर ते म्हणाले बाटलीवाल्यांना पडला असेल, आम्ही अजून ओळखीच्यांनाच देतो.

पौर्णिमा: होळी आणि मांड

सकाळी सहाच्या आत उठलो ते नीरोसाठी. ऊन चढलं की तो आंबायला लागतो म्हणून सकाळीच प्यायचा. गार, गोड, शेवटी घशाला किंचित तुरट लागतो. भावाने तीन पेले घेतले आणि दुपारी जेवला नाही.

होळीचं झाड आणायला गावातले पुरुष आणि पोरं सकाळीच रानात गेली होती. आंब्याचं सरळसोट झाड, ते खांद्यांवरून ढोल वाजवत आणतात. त्या मिरवणुकीच्या पुढे एक ऐंशीच्या घरातले आजोबा चालत होते, अनवाणी, खांद्यावर टॉवेल, त्यांनी झाडाला हात लावला नाही पण कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे सगळं त्यांच्या हाताच्या खुणेवर. नंतर कळलं ते मानकरी. इथे कुठल्या वांगडाने, म्हणजे गावातल्या कुठल्या कुळाने, काय करायचं हे ठरलेलं असतं, कोण झाड तोडणार, कोण नारळ फोडणार, नमन, म्हणजे देवांची नावं घेत म्हणायचं गाणं, कोण सुरू करणार, आणि पिढ्यानपिढ्या ते तसंच चालतं. एखाद्या घरातला कर्ता मुंबईला असला तर तो त्या दिवशी येतोच. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा मोपा विमानतळावर नोकरीला आहे, शिगम्याचे दिवस मोकळे मिळावेत म्हणून तो महिनाभर आधीपासून दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या करतो, असं त्याच्या आईने सांगितलं.

रात्री होळी उभी राहिली, पूजा झाली, आणि मग सगळे मांडावर आले. मांड म्हणजे दिसायला एक सारवलेलं अंगण, तुळस, बाजूला एक जुनं झाड. दिवसा तिथून कुणी चप्पल घालून जात नाही एवढंच काय ते वेगळेपण जाणवतं. तिथे नमन सुरू झालं. ढोल, तासो म्हणजे ताशा, कासाळें म्हणजे मोठ्या झांजा, आणि पुरुष गोल करून उभे, एकेका देवाचं नाव घेत, आधी गावची सातेरी, मग बाकीचे देव, मग राखणदार, सीमेवरचे देवचार, म्हणजे गाव राखणारे अदृश्य रक्षक, कुणालाही वगळायचं नाही. नमनाची भाषा अर्धी मराठी अर्धी कोंकणी, काही शब्द तर असे की काकांनासुद्धा अर्थ सांगता आला नाही, पण ते तसेच म्हणायचे, बदलायचे नाहीत.

आम्ही बायका कडेला बसलो होतो. मी हळूच मावशीला विचारलं की बायकांना यात काहीच नाही का, तर आजींनी ऐकलं. म्हणाल्या, "आमचो मांड पुसांत. तेन्ना यो." पौष महिन्यात धालो असतात, रात्री बायका मांडावर ओळी करून गाणी म्हणत नाचतात, फुगड्या घालतात, आणि तेव्हा मांड त्यांचा असतो. हे मला माहीत होतं पण ऐकून माहीत होतं. आजींनी ते ज्या हक्काने सांगितलं ते ऐकून मी तिथेच पौषातली सुट्टी मनात धरून टाकली.

नमन चालू असताना मधून घुमटाचाही आवाज येत होता. घुमट म्हणजे मातीचा घडा, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, घोरपड कायद्याने संरक्षित झाली तसं ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात, 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. वाजवणाऱ्या एका काकांना विचारलं आवाजात फरक पडतो का. पडतो म्हणाले, पण हात बसला की तो फरक आपल्यालाच ऐकू येतो, लोकांना नाही.

कुणाला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. मांडावर पादत्राणं नकोत. फोटो काढायच्या आधी विचारा, नमनाच्या वेळी तर काढूच नका. शॉर्ट्स घालून गेलात तर कुणी बोलणार नाही पण तुम्हाला कुणी बसायला चटईही देणार नाही. आणि एटीएम, पेट्रोल, औषधं हे सगळं वाळपईतच उरकून घ्या, आत गेल्यावर मोबाईलला रेंज येते तिथे येते.

धुळवड: रोमट, पाऊस आणि घोडेमोडणी

सकाळपासून घरोघर रोमट, म्हणजे ढोल वाजवत नाचणाऱ्यांची मिरवणूक, फिरत होतं. लांबूनच "ओस्सय, ओस्सय" ऐकू यायला लागतं आणि घरातली बाई ताट तयार ठेवते, नारळ, तांदूळ, पैसे. दारात आले की आधी नाचतात, मग घरच्यांना आशीर्वादाचं गाणं, घरात कुणाचं लग्न व्हायचं असेल, कुणी आजारी असेल, तर त्याचंही नाव त्यात येतं. आजींच्या घरी मावशीच्या मुलाच्या नोकरीसाठी मागणं घातलं. तो पुण्यात इंटरव्ह्यू देत फिरतोय, ते गावभर सगळ्यांना माहीत. लहान पोरांचं वेगळंच चाललं होतं, ती काठ्या घेऊन "शबय, शबय" करत रस्त्यात दोरी धरून उभी, गाडी अडवली की सोडायचे दहा रुपये. सुट्टे ठेवा, फार गोड पोरं आहेत.

रंग इथे फारसा नाही. गुलाल थोडा. वहिनीला याचं आश्चर्य वाटलं, तिने जुने कपडे खास आणले होते.

दुपारी जेवायला खतखतें, म्हणजे बऱ्याच भाज्या एकत्र शिजवलेली भाजी, होतं, आणि गोडाला चण्याच्या डाळीचं मणगणें, गूळ, नारळाचा रस, साबुदाणा. जेवून ओट्यावर लवंडलो आणि चारच्या सुमारास डोंगराकडून काळं आलं. मार्चमध्ये पाऊस म्हणजे काजूवाल्यांच्या पोटात गोळा, मोहोर गळतो, पडलेली बोंडं कुजतात. काका काही न बोलता उठून बागायतीकडे निघाले. वीस मिनिटं चांगला कोसळला. मातीचा वास, काजूचा वास आणि भिजलेल्या गवताचा वास असं सगळं एकदम. वीज गेली ती रात्रीपर्यंत आली नाही.

मला वाटलं आता घोडेमोडणी, म्हणजे लाकडी घोड्यांचा नाच, काही होत नाही. पण पाऊस थांबल्या थांबल्या देवळासमोर पोरांनी पेंढ्याचा जाळ केला आणि ढोल-ताशे त्यावर शेकायला घेतले. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, शेकलं की ताठ होतं. एक जण शेकायचा, टिचकी मारून ऐकायचा, मान हलवायचा, पुन्हा शेकायचा. अर्धा तास हेच चाललं होतं आणि त्या वेळात अख्खं गाव तिथे जमलं, कुणालाही घाई नाही.

मग घोडे आले. लाकडात कोरलेलं घोड्याचं तोंड, मागे बांबूचा सांगाडा, त्यावर पांढरं कापड, आणि नाचणारा मधे उभा, सांगाडा कमरेला बांधलेला, म्हणजे तो घोड्यावर बसलाय असंच दिसतं. डोक्याला फेटा, त्यावर अबोलीचे हार, हातात तलवार, पायात घागऱ्या. ढोल सुरू झाले आणि ते पुढे आले, चार पावलं पुढे, दोन मागे, मग एकदम वळण, आणि ताल जसा चढत गेला तसे त्यांचे चेहरेच बदलले. त्यात एक सकाळी आम्हाला चहा आणून देणारा मुलगा होता, लाजाळू, मान वर करून बोलत नव्हता. तोच आता तलवार उगारून समोरच्यावर चाल करून जात होता आणि त्याची आई माझ्या शेजारी उभी राहून पदर तोंडाला लावून बघत होती.

राणे घराण्याच्या लढायांची आठवण म्हणून घोडेमोडणी नाचतात असं इथे कुणालाही विचारा, सांगतात. सत्तरीच्या या राणे मंडळींनी पोर्तुगिजांविरुद्ध पुन्हा पुन्हा बंड केलं, 1852 मध्ये दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, 1895 मध्ये पणजीत मराठा शिपायांनी बंड केलं तेव्हा दादा राणे त्यात उतरले. शाळेत हे एका परिच्छेदात संपलं होतं. इथे घोडे गावच्या वेशीपर्यंत गेले आणि वेशीवर उभं राहून तलवारी बाहेरच्या बाजूला रोखल्या, मग देवळाकडे परतले, आणि मला तो इतिहास पहिल्यांदा नीट समजला. ही गावं वेशी राखत होती. वेशीपलीकडे कोण होतं हे त्यांना ठाऊक होतं.

वीज नसल्यामुळे शेवटचा भाग पेट्रोमॅक्स आणि दुचाकींच्या हेडलाइटमध्ये झाला. कुणाच्याच तोंडी त्याबद्दल तक्रार नव्हती.

द्वितीया: साळचे गडे

दिवसभर झोप काढली. संध्याकाळी साळला जायचं होतं. साळ डिचोली तालुक्यात, पार दोडामार्गच्या हद्दीला लागून, त्यामुळे तिकडे सिंधुदुर्गातली माणसंही खूप येतात. गड्यांचा उत्सव होळीच्या पुनवेपासून तीन रात्री चालतो, आम्ही शेवटच्या रात्री गेलो. ही जागा लपवण्यात अर्थ नाही, हजारो लोक जातात, गाडी गावाबाहेर लांब लावून चालावं लागतं.

गडे म्हणजे गावातलेच पुरुष, पांढरी धोतरं नेसलेले, उघडे. नमन चालू असताना त्यांच्या अंगात येतं आणि ते एकदम डोंगराच्या, स्मशानाच्या दिशेने धावत सुटतात. देवचार त्यांना बोलावतो, रात्रभर रानात खेळवतो, कुणाला तर लपवून ठेवतो आणि बाकीचे गडे मग त्याला शोधून आणतात, असं लोक सांगतात. डोंगरात मधूनच उजेड दिसतो, तोही देवचाराचा म्हणतात. मी जे पाहिलं ते एवढं: इतकी माणसं, आणि कुणी उजेड करायचा नाही म्हटल्यावर कुणीही केला नाही. मोबाईलसुद्धा खिशात. चांदण्यात पांढरी धोतरं तेवढी दिसत होती, कधी जवळ, कधी एकदम लांब. समोरच्या डोंगरात एकदा उजेड दिसला आणि सगळ्या गर्दीतून एक श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला. त्याचा अर्थ काय लावायचा ते ज्याने त्याने ठरवावं, मी तिथे उभी असताना मला शंका काढावीशी वाटली नाही.

कुडाळहून आलेली एक मावशी आमच्या शेजारी चटई टाकून बसली होती, दर वर्षी येते म्हणाली, लग्नाआधी वडिलांबरोबर यायची. तिने आम्हाला डब्यातले लाडू दिले, आम्ही तिला चहा. तिचा मालवणी हेल आणि आमचं बारदेशी मराठी, हद्द कुठे आहे ते त्या चटईवर तरी कळत नव्हतं.

रात्रभर थांबायचं असेल तर चटई, शाल, पाणी बरोबर न्या. मार्च असला तरी पहाटे तिथे चांगलीच थंडी पडते. गडे धावतात तेव्हा त्यांच्या वाटेत उभं राहू नका, गावचे स्वयंसेवक सांगतात ते ऐका. अगदी लहान मुलांना नेऊ नये असं माझं मत.

तृतीया: ब्रह्मा करमळी, आणि रात्री रणमालें

पहाटे परत येऊन झोपलो, अकराला उठलो. वाळपईपासून थोड्या अंतरावर ब्रह्मा करमळीला ब्रह्मदेवाचं देऊळ आहे. देशात ब्रह्मदेवाची देवळं मोजकीच, त्यातलं हे एक. मूर्ती कदंब राजांच्या काळातली, काळ्या दगडाची, उभी, फार देखणी. ती मूळ तिसवाडीतल्या करमळीची, सोळाव्या शतकात देवळं पाडली जायला लागली तेव्हा भक्तांनी ती उचलून इथे डोंगराआड आणली आणि गावाचं नावही बरोबर आणलं. देऊळ आता नवं बांधलंय, त्यात बघण्यासारखं काही नाही, मूर्तीसमोर मात्र बसा. पुजाऱ्यांनी आम्हाला खूप वेळ बसू दिलं.

तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळही याच फेरीत होतं पण ते आधी पाहिलंय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी चुकवू नये, घनदाट जंगलात कदंबांच्या काळातलं काळ्या बसाल्टचं देऊळ गोव्यात तेवढं एकच नीट उभं आहे.

परत येताना काका म्हादईच्या काठाने घेऊन आले. पलीकडे अभयारण्य, 1999 मध्ये जाहीर झालेलं, 208 चौरस किलोमीटरचं. डोंगरउतारावर अजून काही ठिकाणी काळपट पट्टे दिसत होते. 2023 च्या मार्चमध्ये तिथे मोठे वणवे लागले होते, हवाई दलाची हेलिकॉप्टर पाणी टाकायला आली होती. काका तेव्हा गावातल्या पोरांबरोबर झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन आग विझवायला वर चढले होते. त्या वर्षीही शिगमो झाला का असं विचारलं. "जाताच. देवाक किदें सांगतले?" एवढंच म्हणाले, म्हणजे होतोच, देवाला काय सांगणार?

चोरोत्सव आम्हाला गाठता आला नाही, त्याचं वाईट वाटतंय. झर्मे आणि करंझोळ या गावांत तो होतो. कधीकाळी निरपराध माणसांना चोर समजून मारलं गेलं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून गावातले काही जण चोर होतात आणि त्यांना जमिनीत पुरतात, कुणाला मानेपर्यंत, कुणाचं डोकंच मातीखाली. आपल्या हातून झालेला अन्याय एखादं गाव दर वर्षी सगळ्यांसमोर कबूल करतं, असं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. शिगम्याचे दिवस थोडे आणि गावं खूप, सगळं एका वर्षात होत नाही, आधीच ठरवून दोन-तीन गोष्टीच धराव्यात.

रात्री शेजारच्या गावात रणमालें, म्हणजे इकडचं लोकनाट्य, होतं. जेवून दहाला पोचलो तर अजून काहीच नाही, बारानंतर सुरू झालं. मागे गाणाऱ्यांची एक रांग, घुमट आणि कासाळें, ते जत, म्हणजे त्या नाट्यातलं गाणं, म्हणतात आणि पुढे पात्रं एकेक करून येतात. विषय रामायणातला. पूर्वी मशालींच्या उजेडात व्हायचं, आता दोन बल्ब लावलेले. जत म्हणताना ती रांग जागेवरच डोलत पुढे-मागे होते, तासनतास, आणि आवाज खाली येत नाही. काका त्या रांगेत उभे होते! तीन दिवस बरोबर फिरले पण बोलले नव्हते. दुपारी आगीच्या गोष्टी सांगणारा तो माणूस आता डोळे मिटून सीतेच्या शोधाची जत म्हणत होता.

हे कुठे लिहिलेलं नाही. रांगेत टोकाला नववी-दहावीतली दोन पोरं उभी केली होती, मोठ्यांच्या ओठांकडे बघून शब्द पकडत होती, चुकली की शेजारचा कोपराने ढोसायचा. मध्यंतरात त्यातल्या एकाला विचारलं, पाठ कसं करतोस, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलंयस का. म्हणाला केलं होतं, पण त्यावर ऐकून येत नाही, इथे उभं राहिलं की येतं. परीक्षा जवळ आली होती त्याची. त्याचे मास्तर पण प्रेक्षकांत बसले होते.

चित्ररथांवर टीका करायची नाही मला, लोकांना आवडतात, पोरांना नाचायला मिळतं, बक्षिसं मिळतात. पण तिथे घोडेमोडणीला मोजून काही मिनिटं मिळतात आणि परीक्षकांसमोर तोंड करून नाचायचं असतं. सरकारने तो खर्च करताना यातला थोडा वाटा गावच्या मांडांकडे वळवावा, वाद्यं दुरुस्त करायला, घोड्यांची जुनी तोंडं नीट करायला, पोरांच्या शिकण्याला. काकांच्या गावातल्या एका घोड्याचा कान तुटलाय, तो दोऱ्याने बांधून नाचवतात, आणि कोरीव काम करणारा सुतार आता जवळपास नाही.

परतीचा दिवस

आजींनी बिब्बे, भिरंडाची म्हणजे कोकमाची सोलं, उकडे तांदूळ असं सगळं बांधून दिलं. मी बिब्ब्यांचं तोंडाक विचारून घेतलं, इथे देते कारण घरी आल्यापासून दोघींनी विचारलंय. सोललेले बिब्बे आधी मिठाच्या पाण्यात मऊ शिजवायचे. ओलं खोबरं, धणे, सुक्या मिरच्या, दोन-तीन लवंगा थोड्या तेलात खरपूस भाजून, त्यात चिमूटभर हळद घालून बारीक वाटायचं. कांदा परतून त्यात वाटण, मग बिब्बे, एक बटाटा हवा तर, एक भिरंडाचं सोल, उकळी आली की झालं. वाटण काळं पडू द्यायचं नाही, आजींचं सगळं लक्ष त्यावर असतं. सुके काजू भिजवून करू नका, चव येत नाही.

येताना डिचोलीत पुन्हा ट्रॅफिक लागला, घरी पोचायला दोन वाजले. धालोंचा दिवस प्रत्येक मांडावर वेगळा असतो, म्हणून मार्गशीर्ष संपत आला की मी मावशीला फोन करणार आहे, आणि या वेळी आईलाही नेणार आहे. वहिनीने आपली सुट्टी आत्ताच टाकून ठेवलीय.